जानेवारीत स्पितीला थार नेताय? चेन निवडताना उतार डोळ्यासमोर ठेवा

उदगीरच्या एका तरुण मित्रानं विचारलंय. त्याच्याकडं डिझेल थार आहे, फोर बाय फोर. कंपनीचे २५५/६५ आर १८ टायर काढून त्यानं त्याच रिमवर रुंद एमटी, म्हणजे चिखलासाठीचे मड-टेरेन टायर बसवलेत. जानेवारीत चौघं मित्र शिमल्यावरून हिमाचलातल्या स्पितीत जाणार आणि काझाच्या वर लांग्झा, हिक्किम, कोमिकच्या कच्च्या वाटांवर गाडी घालणार. त्याचे प्रश्न असे: बर्फासाठी टायरवर चढवायची चेन शिडीची घ्यावी का डायमंडची? दोन चाकांना पुरे का चारही चाकांना? ओळखीच्या वेल्डरकडून बनवून घेतली तर चालेल का? आणि परत आल्यावर तीच चेन पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात वापरता येईल का, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत?

माझं जालन्याला गॅरेज आहे आणि गेली चौदा वर्षं दर हिवाळ्यात एक तरी खेप हिमाचलात असते, कधी स्वतःच्या गाडीनं, कधी गिऱ्हाइकांच्या गाड्यांसोबत. त्या जोरावर लिहितोय.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे: "फोर लो असल्यामुळं चढायचं टेन्शन नाही, चेन फक्त अडकलोच तर." फोर लो म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर. सगळ्यात आधी याच वाक्याबद्दल बोलू, कारण चेनची निवड इथंच चुकते. फोर बाय फोरमुळं इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते. ब्रेक मात्र साध्या अल्टोलाही चारही चाकांना असतात. म्हणजे थांबण्याच्या बाबतीत तुमची थार इतर गाड्यांपेक्षा काडीचीही वरचढ नाही, उलट जड आहे. ती तुम्हाला अशा जागी चढवून नेईल की जिथून खाली उतरता येणार नाही.

थोडा हिशेब मांडतो. कोरड्या डांबरावर टायरची पकड साधारण ०.७ धरतात. गाड्यांखाली दबून घट्ट झालेल्या बर्फावर ती ०.२ ते ०.३ वर येते आणि वरून पाणी सुटलेल्या काचेसारख्या बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही खाली जाते. ताशी ३० च्या वेगात ब्रेक मारला तर कोरड्या रस्त्यावर गाडी पाचेक मीटरात थांबते. काचबर्फावर तिला ३५ मीटर लागतात, तेही सपाटीवर. दहा मीटरला एक मीटर असा उतार असेल, तर ०.१ पकडीवर गाडी थांबतच नाही, वेग कितीही कमी असला तरी. आपल्या कन्नडच्या किंवा धारूरच्या घाटात पहिल्या गिअरला टाकून निवांत उतरायची सवय असलेल्या माणसाला हे अनुभव घेतल्याशिवाय खरं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट. बर्फ सर्वात निसरडा असतो तो शून्य अंशाच्या आसपास, कारण तेव्हा त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे पंधराला तोच बर्फ बऱ्यापैकी धरतो. त्यामुळं चेनची पहिली गरज काझात पडेल असं धरून चालू नका. कुफ्री-नारकंड्याच्या सावलीतल्या वळणांवर, दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलेल्या रस्त्यावर ती आधी पडू शकते. चेन सामानाच्या तळाशी गेली असेल तर तिथंच सगळं सामान रस्त्यावर उतरवावं लागेल.

आता टायर. एमटी टायर आपल्याकडं का आवडतो ते मला ठाऊक आहे. ठोकळे मोठे, मधल्या चरा खोल, त्यामुळं काळा चिखल चाकात बसून राहत नाही, फेकला जातो. ताज्या, भुसभुशीत, खोल बर्फातही तो असाच चालतो. पण घट्ट बर्फाचं आणि काचबर्फाचं गणित उलटं आहे. तिथं रबर मऊ लागतं आणि ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा लागतात, म्हणजे धरायला शेकडो कडा मिळतात. एमटीच्या ठोकळ्यांना चिरा नसल्यासारख्याच असतात आणि साधं रबर सात अंशांच्या खाली कडक होत जातं. टायरच्या बाजूला डोंगराच्या चित्रात हिमकण कोरलेला असेल तरच तो बर्फावर तपासलेला टायर. नुसत्या ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो) अक्षरांवर विसंबू नका. म्हणून एमटी आहेत तर चेन नसली तरी भागेल, हा विचार सोडून द्या. तुमच्या टायरांमुळं चेनची गरज वाढलीय.

तरी कोणती चेन, हे मी तुमची गाडी न पाहता एका शब्दात सांगू शकत नाही. ते दोन गोष्टींवर ठरतं: चाकाच्या आतल्या बाजूला किती मोकळी जागा आहे, आणि तुम्ही जास्त वेळ कसल्या बर्फावर असणार आहात. पहिली गोष्ट घरीच कळते आणि बहुतेक लोक तीच मोजत नाहीत.

मी ती अशी मोजतो. रानातली ओली काळी माती घ्यायची, चांगली मळून तिची अंगठ्याएवढी जाड वळी करायची आणि टायरच्या आतल्या भिंतीवर, वरच्या खांद्यापाशी, वीतभर लांब थापायची. मग गाडी हळूहळू एक फेरा ढकलायची, इंजिन बंद ठेवून. पुढच्या चाकांना हेच स्टिअरिंग सरळ ठेवून एकदा, डावीकडं पूर्ण वळवून एकदा आणि उजवीकडं एकदा. माती कुठं खरवडली गेली ते पाहायचं. शॉकअपला, वरच्या आर्मला, ब्रेकच्या होज पाइपला माती लागली असेल तर चेनही तिथंच लागणार, आणि फिरताना चेन बाहेर फेकली जाते म्हणून जास्तच लागणार. उरलेल्या वळीची जाडी पट्टीनं मोजा, ती तुमची खरी जागा. आपली काळी माती या कामाला फार चांगली, चिकटून राहते आणि खूण स्पष्ट ठेवते.

बाजारात चेनच्या खोक्यावर ९, १२, १६ मिलिमीटर असे आकडे असतात. चेन टायरच्या आतल्या बाजूला किती जागा खाते, त्याचा तो अंदाज. ९ ची छोट्या कारसाठी, १६ ची जाड कड्यांची थारसारख्या गाड्यांसाठी. १६ ची चेन घालायची तर मी आत निदान २५ मिलिमीटर मोकळी जागा मागतो, कारण चेन थोडी ढिली होतेच आणि सस्पेन्शन दबलं की अंतर कमी होतं. गाडीच्या पुस्तिकेत ‘क्लास एस’ लिहिलं असेल तर ती अगदी कमी जागेची गाडी समजा: आतल्या बाजूला १५ आणि टायरच्या वर ३७ मिलिमीटर एवढ्या जागेसाठी तो वर्ग आहे.

आता तुमची अडचण अशी की रुंद टायर बसवल्यामुळं ही आतली जागा तुम्हीच खाल्लीय. मागच्या वर्षी अशाच एका थारला मी माती लावली तर पुढच्या बाजूला बोटभरही वळी शिल्लक राहिली नव्हती. अशा गाडीला पुढं चेन लावायचीच नाही. या एका सहलीपुरते कंपनीच्या मापाचे टायर परत चढवा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. चेन त्या मापावर घ्या. ‘सर्व मापांना बसते’ असं लिहिलेली चेन घेऊ नका. स्टेपनीही त्याच मापाची हवी, नाहीतर पंक्चर झाल्यावर चेन निरुपयोगी.

शिडी आणि डायमंड यांतला फरक समजला की निवड सोपी होते. शिडीच्या चेनमध्ये टायरवर फक्त आडव्या साखळ्या असतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. दोन पायऱ्यांच्या मध्ये रबर उघडं राहतं. गाडी सरळ पुढं खेचायला ही चेन उत्तम, खोल बर्फात पायरी घुसते आणि रेटा मिळतो. पण गाडी आडवी घसरायला लागली की साखळीची दिशा आणि घसरायची दिशा एकच होते, म्हणून ती अडवत नाही. शिवाय एक पायरी जमिनीवर, मग मोकळी जागा, मग पुन्हा पायरी, असं चाललं की ब्रेकची पकड धक्क्याधक्क्यानं मिळते आणि स्टिअरिंग हातात थडथडतं. डायमंडमध्ये साखळ्या तिरक्या एकमेकींना जोडलेल्या असतात, चौकटीच्या जाळीसारख्या. चाक कुठंही असलं तरी साखळीचा काही भाग जमिनीला लागलेला असतो आणि तिरप्या कडा आडव्या घसरणीलाही धरतात. दरीच्या बाजूनं तिरका कललेला रस्ता आणि त्यावर वळण, ही स्पितीतली रोजची गोष्ट आहे. तिथं मला डायमंडच हवी.

शिडीच्या बाजूनं बोलायचं तर ती स्वस्त असते, एखादी आडवी साखळी तुटली तर जागेवर बदलता येते, आणि तिकडचे बस-ट्रकवाले वर्षानुवर्षं तीच वापरतात. त्यांचं वजन, त्यांचा वेग आणि त्या रस्त्याचा त्यांचा सराव वेगळा आहे. तुमच्यासाठी डायमंडच. कड्या चौकोनी किंवा डी आकाराच्या असतील, म्हणजे बर्फात रुतायला धार असेल, तर आणखी चांगलं. ऑस्ट्रियाचं ‘ओ-नॉर्म व्ही ५११७’ किंवा युरोपचं ‘ईएन १६६६२-१’ हे मानक खोक्यावर आणि चेनवर दोन्हीकडं छापलेलं पाहा.

माप चुकलेली चेन काय करते ते मी स्वतः भोगलंय. सुरुवातीच्या वर्षांत बोलेरोला भाड्याची शिडीची चेन लावली होती, मागच्या चाकांना. दुसऱ्या टायरची होती, थोडी मोठी. उरलेलं टोक तारेनं बांधून दिलं होतं. दोन किलोमीटर झाले आणि चेनचा आवाज बदलला. नीट बसलेली चेन एका लयीत खडखडते. त्या लयीत मधूनच ‘टण्’ असा एक जास्तीचा ठोका यायला लागला. मागं गाड्या होत्या, रुंद जागा मिळाली की थांबू म्हणून मी पुढं नेली. तीनेकशे मीटरवर ब्रेकचा पेडल खाली गेला. सुटलेलं टोक दर फेऱ्याला ॲक्सलवरच्या ब्रेकच्या पाइपवर आपटत होतं आणि तो फुटला होता. मागचे ब्रेक गेले. पुढचे शाबूत होते, पण पुढं चेन नव्हती, त्यामुळं दाबला की पुढची चाकं जागेवर थांबून घसरायची. पहिल्या गिअरमध्ये डोंगराच्या बाजूच्या बर्फाच्या ढिगाला गाडी घासत घासत टेकवली. मागच्या सीटवर माझी बहीण आणि भाचा होता. त्या दिवसापासून आवाज बदलला की मी त्याच क्षणी थांबतो, मागं कोणी कितीही हॉर्न वाजवो.

दोन चाकं का चार, याचं उत्तरही त्याच प्रसंगात आहे. फक्त मागं चेन असेल तर उतारावर पुढची बाजू सरळ निघते, स्टिअरिंग वळवून उपयोग होत नाही. फक्त पुढं असेल तर पुढचं टोक धरतं आणि मागची बाजू फिरून पुढं यायला बघते. काझाच्या वर, साडेचार हजार मीटरच्या आसपासच्या वाटांवर जाणार असाल तर चारही चाकांना चेन घ्या. दोन जोड्यांचा खर्च चौघांत वाटला जाईल. एकच जोडी परवडत असेल तर शिमला-काझा मुख्य रस्त्यावर राहा आणि वरच्या गावांना तिथल्या गाडीनं जा, तिथल्या ड्रायव्हरला चार पैसे मिळतील. जोडी कोणत्या चाकांना लावायची ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. पुस्तिकेत काहीच नसेल आणि आत जागा असेल, तर अशा फोर बाय फोरला मी ती पुढं लावतो, कारण वळवायचं काम पुढची चाकं करतात आणि उतारावर वजनही पुढं येतं. मग फोर लो, पहिला गिअर, आणि ब्रेकला पाय अगदी हलका. फोर लोमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून इंजिनाची ओढ दोन्हीकडं वाटली जाते आणि मागची चाकं एकटी थांबत नाहीत. आडवं घसरणं मात्र यानं थांबत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

वेल्डरचं. जालन्यात लोखंडाला तोटा नाही आणि हातही चांगले आहेत, तरीही नको. चेनची कडी वरून अतिशय कडक आणि आतून चिवट लागते. वरून मऊ असेल तर बर्फ नसलेल्या खडीच्या पट्ट्यांवर पन्नास-साठ किलोमीटरात झिजते, आतपर्यंत कडक असेल तर थंडीत ठिसूळ होऊन तुटते. लोहार विळ्याला पाणी देतो तसा हा सगळा खेळ तापवण्या-निववण्याचा आहे. आपल्याकडच्या टीएमटी सळईतही बाहेरचा थर कडक आणि गाभा लवचिक असतो, पण ती तापवून वाकवली, वर वेल्डिंग केलं, की तिथला तो गुण जातो. चेनला तर शंभरावर जोड असतात. ऑनलाइन मिळणारे प्लास्टिकचे पट्टे आणि टायरवर चढवायचे कापडी मोजे यांच्या भानगडीत पडू नका, खडीवर फाटतात.

चेन आली की निघायच्या आधी घरी किमान पाच वेळा लावून-काढून बघा. शेवटच्या वेळी रात्री, डोक्याला बॅटरी बांधून, हातमोजे घालून. पहिल्यांदा तासभर जाईल, वीस मिनिटांत चारही व्हायला हवीत. चेनच्या आकड्यांची, म्हणजे हुकांची, उघडी तोंडं टायरकडं नको, बाहेर हवीत, नाहीतर ती टायरची भिंत कापतात. आतल्या बाजूचा आकडा लागला का ते हात घालून चाचपून बघा, डोळ्यांना तो दिसत नाही. लावल्यावर शंभर मीटर चालवायची, थांबायचं, पुन्हा ओढून घट्ट करायची. ही दुसऱ्यांदा ओढण्याची पायरी लोक गाळतात आणि चेन तिथंच सुटते. हवा कमी करू नका. चिखलात, वाळूत आपण हवा सोडतो, पण चेन टायरच्या आकारावर घट्ट बसते, हवा सोडली की ढिली पडते. वेग तीसच्या आत. चाक जागेवर गरगरा फिरवायचं नाही. कोरडं डांबर लागलं की काढायची. गुडघे टेकायला सोयाबीनचं रिकामं पोतं सोबत ठेवा, ओल्या बर्फावर गुडघे टेकून बसलं की पाच मिनिटांत पाय बधिर होतात आणि माणूस घाईघाईनं आकडे कसेही अडकवतो.

चेन कधी लावायची? घसरल्यावर नाही. बर्फ सुरू व्हायच्या आधी सपाट जागा मिळाली की तिथंच. उतारावर मध्येच घसरायला लागल्यावर चाकाशी बसून चेन लावणं म्हणजे स्वतःच्या गाडीखाली जाणं. तिकडं दहा ते तीन एवढाच वेळ गाडी हलवा. अटल बोगद्याचंही सांगतो, कारण परत येताना मनालीवरून यावं असं तुमच्या मनात दिसतंय. २०२० मध्ये बोगदा झाल्यापासून लाहौल हिवाळ्यातही बऱ्यापैकी जोडलेलं राहतं, पण काझा ते मनालीच्या मध्ये कुंझुम खिंड आहे आणि ती जानेवारीत बंद असते. आलात त्याच वाटेनं परतायचं. मनालीकडं गेलातच, तर बर्फ पडल्यावर पोलीस सोलंगच्या पुढं फोर बाय फोर किंवा चेनवाल्याच गाड्या सोडतात, हेही माहीत असू द्या.

चेनशी संबंध नसलेली दोन कामं, पण याशिवाय निघू नका. रेडिएटरमध्ये आपण उन्हाळ्यात नुसतं पाणी ओततो, ते पूर्ण काढून कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरा. पाणी गोठलं तर इंजिनाचा ब्लॉक फुटतो. आणि इकडून भरलेलं डिझेल टाकीत घेऊन वर चढू नका. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलनं २०१९ पासून उंचावरच्या भागांसाठी उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं हिवाळी डिझेल काढलंय. वाटेत टाकी रिकामी करत जा आणि वर मिळेल तिथं ते भरा.

राहिला काळ्या रानाचा प्रश्न. चेन चिखलात पकड देते हे खरं. पण बर्फाखाली कुठंतरी घट्ट जमीन असते. आपल्या काळ्या मातीत ती नसते. ही माती पाणी पिऊन फुगते, वर लोण्यासारखी आणि खाली हातभर तशीच. चेन लावलेलं चाक तिथं खोदत जातं आणि गाडी पोटावर बसते. पाणंद रस्त्यावर वर राडा आणि खाली मुरूम असेल तिथं दोनशे-पाचशे मीटर काढायला चेन कामाला येते, मी आणलीय तशी गाडी बाहेर. तेवढ्याला शिडीची जुनी चेन पुरे. डायमंडच्या जाळीत माती अशी बसते की सुकल्यावर छिन्नीनं काढावी लागते. पेरणी केलेल्या रानात तर वापसा येईपर्यंत गाडी घालूच नका, चेनचे चर पुढच्या नांगरटीपर्यंत जात नाहीत. तेव्हा स्पितीची चेन घरी आणल्यावर कोमट पाण्यानं धुवा, उन्हात वाळवा, तेलाचा हात फिरवा आणि कड्या मोजून, झीज बघून टांगून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात कुणाला तरी लागेलच.

मातीची वळी लावून चारही चाकांची जागा मिलिमीटरात मोजा, पुढच्या चाकांची स्टिअरिंग वळवूनसुद्धा, आणि टायरच्या भिंतीवरचा पूर्ण आकडा कळवा. एवढं मिळालं की १२ घ्यायची का १६ ते सांगतो.